ख्रिस्ती तंत्रज्ञांची न्याहारी-सहभागिता

ख्रिस्ती तंत्रज्ञांची न्याहारी-सहभागिता ही उपासना नव्हे आणि नोकरी मेळावाही नव्हे. वेगवेगळ्या मंडळ्यांतले आणि कंपन्यांतले लोक सकाळी एकत्र प्रार्थना करतात, खातात आणि कामाच्या ओळखी वाढवतात. रविवार उपासनेचा असल्याने हा कार्यक्रम बहुधा शनिवारी ठेवतात.

ही प्रथा अमेरिकेत रुजली. 1935 साली सिअॅटलमध्ये अब्राहम व्हेरीडे या धर्मोपदेशकाने व्यावसायिकांसाठी प्रार्थना-न्याहारी सुरू केली. 1951 साली लॉस एंजेलिसमध्ये डेमॉस शकारियन या दुग्धव्यावसायिकाने उपाहारगृहातल्या शनिवारच्या न्याहारीतून एक संघटना उभी केली. वॉशिंग्टनची राष्ट्रीय प्रार्थना-न्याहारी 1953पासूनची आहे. अशा न्याहारीच्या वेळी योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय वाचणे साहजिक ठरते. पुनरुत्थित येशू तिबिर्य समुद्राकाठी रात्रभर राबलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो, तो प्रसंग त्यात आहे.

प्रस्तुत लेखकाच्या, पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यातही श्रद्धा आणि यंत्रविद्या यांची सांगड जुनीच आहे. त्याच्या राहू गावापासून जवळच, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी छापखाना उभारला. तिथे स्त्रिया व मुली खिळे जुळवत आणि छपाई करत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर याच छापखान्याचे मोठे काम होय. 1922मध्ये रमाबाई निवर्तल्या, त्याआधी भाषांतर पुरे झाले होते.

लेखक राहूचा, ऊस आणि गुऱ्हाळांच्या बेट भागातला. पुण्यातल्या खराडीत सॉफ्टवेअर चाचणीचे काम करणारा. राहूहून केसनंद-वाघोलीमार्गे पुण्याला जाताना गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रेंगाळावे लागते, म्हणून त्याला अशाच एका न्याहारीसाठी अंधारातच निघावे लागले. कार्यक्रमाचा क्रम ठरलेला होता. आधी गीत आणि शास्त्रपाठ, मग अन्नासाठी उपकारस्तुती, त्यानंतर पोहे, इडली, चहा. बोलणे बहुतेक इंग्रजीत चालले. मल्याळी व तमिळ अभियंते, पुणे कॅम्पातली जुनी कुटुंबे आणि नगरकडची मराठी मंडळी सुरुवातीला आपापल्या टेबलांशी बसली होती. संयोजकांनी मुद्दाम जागा बदलायला लावल्या.

खरा भाग त्यानंतरचा. प्रत्येकाने उभे राहून नाव, मंडळी, काम आणि प्रार्थनेचा विषय सांगायचा होता. या शेवटच्या बाबीमुळे परिचयाचा सूरच पालटला. व्यावसायिक मेळाव्यात माणूस आपली बढती आणि प्रकल्प सांगतो. अडचण झाकून ठेवतो. इथे एका अनुभवी अभियंत्याने नोकरी गेल्याचे सांगितले, एका तरुणीने बाळंतपणाच्या खंडानंतर कुणी मुलाखतीलाही बोलावत नसल्याचे. लेखकाने क्लाउडचे तंत्र शिकायचे असून शिकवणारे कुणी नसल्याचे सांगितले. प्रार्थना झाल्यावर लोक पदव्या विचारत नव्हते, गरजेकडे वळत होते. त्या तरुणीभोवती तिघीजणी जमल्या. लेखकाला एका ज्येष्ठाने दर शनिवारी तासभर फोनवर शिकवायचे कबूल केले.

या ओळखींना मर्यादा असते. कर्मचाऱ्याने रेफरल, म्हणजे शिफारस दिली, तर अर्ज कंपनीच्या प्रणालीत नोंदला जातो, पण मुलाखत उमेदवारालाच द्यावी लागते. एकाच मंडळीतला आहे एवढ्यावर शिफारस केली, तर शिफारस करणाऱ्याचीच पत जाते आणि इतर धर्मीय सहकाऱ्यांवर अन्याय होतो. म्हणून जाणते लोक आधी उमेदवाराचे काम पाहतात. प्रार्थनेत सांगितलेली अडचण कार्यालयात बोलायची नाही, हाही संकेत पाळावा लागतो. तो मोडला, तर पुढच्या वेळी कुणी खरे बोलणार नाही आणि न्याहारी नुसत्या व्हिजिटिंग कार्डांच्या देवाणघेवाणीवर येईल.