पाठीवरचा शिधा

केनेडी मेडोज, कॅलिफोर्निया

लांब पल्ल्याच्या पदभ्रमणात सॅकचे वजन दोन हिश्शांत मोजतात. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, कपडे, चूल, औषधे आणि खुद्द सॅक हे मूळ वजन. ते पहिल्या दिवशी जेवढे, तेवढेच शेवटच्या दिवशी. अन्न, पाणी आणि गॅस हा दुसरा हिस्सा. तो रोज घटतो आणि घरून टपालाने येणारे शिध्याचे खोके हाती आले की एकदम वाढतो. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या ४,२६५ किलोमीटरांच्या वाटेवर मूळ वजन ९ किलोच्या आत असेल तर सॅक हलकी समजतात, साडेचारच्या आत असेल तर अतिहलकी. पण खांद्यांवर येते ते एकूण वजन, म्हणून सॅक निवडायची ती सर्वांत जड दिवस धरून.

इथपर्यंतच्या वाळवंटात तो दिवस पाणी ठरवत होते: एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात काटकसर करता येत नाही. इथून पुढे सियेरा नेवाडात ओढे मुबलक आहेत, दोन लिटर पुरतात. जड होतो तो शिधा. इथून इंडिपेंडन्स गावाचा फाटा सुमारे १४० किलोमीटरांवर, शिवाय वाट सोडून खिंड ओलांडायचे आणखी १२. रोज २५ किलोमीटर आणि व्हिटनी शिखरासाठी एक दिवस जादा धरला तर सात दिवस. रोज ८०० ग्रॅमप्रमाणे ५ किलो ६०० ग्रॅम अन्न. मूळ वजन साडेसहा, अस्वलापासून अन्न राखणारा डबा, बर्फावरचे काटे आणि कुऱ्हाड यांचे मिळून दोन, पाणी दोन, गॅसची टाकी चारशे ग्रॅम. बेरीज साडेसोळा किलो. सातव्या दिवशी हीच सॅक दहा-अकरा किलोंवर येते. सांगाडा नसलेली सॅक सहाशे ग्रॅमने हलकी असते, पण दहा-अकरा किलोंपुढे तिचा कमरपट्टा भार कमरेवर घेतच नाही, सगळे खांद्यांवर लोंबते. इथे ते सहाशे ग्रॅम वाहणेच शहाणपणाचे.

अस्वलाच्या डब्याची या भागात बऱ्याच ठिकाणी सक्ती आहे. जाड प्लॅस्टिकचा, साडेअकरा लिटरांचा, रिकामा असताना १ किलो १६० ग्रॅम. अन्न संपले तरी तो आकसत नाही. रात्री त्यात अन्नच नव्हे, वास येणारी प्रत्येक वस्तू जाते. टूथपेस्ट आणि साबणसुद्धा. त्यामुळे अडचण वजनाची नसून जागेची होते. चिवड्याची पिशवी हवा काढून दाबली तरी फुगीरच राहते. खोक्यातला चिवडा अखेर कुटून भरावा लागला. चवीला तो तसाच खमंग आहे, हे घरी कळावे. पहिल्या दिवसाचे जेवण रात्रीआधी पोटात जाते, ते डब्याबाहेर ठेवता येते.

डबा सॅकमध्ये उभा, पाठीच्या मधोमध, कण्याला जितका चिकटेल तितका. तळाशी स्लीपिंग बॅग, डब्याभोवती कपडे, पाणी दोन्ही बाजूंना. जड वस्तू पाठीपासून दूर गेली की सॅक मागे ओढते आणि माणूस दिवसभर पुढे वाकून चालतो. संध्याकाळी मान धरते ती यामुळेच.

इंडिपेंडन्स

व्हिटनी झाला, ४,४२१ मीटर. फोटो पाठवले आहेत.

शिध्याचे वजन कमी करायचे ते पोटाला चिमटा काढून नव्हे, दर शंभर ग्रॅममागे मिळणारी ऊर्जा वाढवून. तेलातुपात शंभर ग्रॅमला सुमारे ९०० कॅलरी असतात, शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर, पोहे, डाळ, साखर यांत साडेतीनशे ते चारशे. दिवसाला ४,००० कॅलरी हव्या असतील आणि शिध्याची सरासरी चारशे असेल तर किलोभर अन्न लागते. सरासरी पाचशेवर नेली की ८०० ग्रॅममध्ये काम होते. सात दिवसांत वाचतात १ किलो ४०० ग्रॅम. एका माणसाचा चांगला हलका तंबू किलोभराच्या आतबाहेर असतो, आणि तोच तीनशे ग्रॅमने हलका हवा तर शेकडो डॉलर मोजावे लागतात. शेंगदाण्याचा कूट आणि तूप यांना एवढे पैसे पडत नाहीत. सॅक हलकी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय घरच्या ओट्यावर आहे, म्हणून हे इतक्या विस्ताराने.

दुसरा विचार शिजण्याचा. पाण्याचा उत्कलनबिंदू दर तीनशे मीटरला साधारण एक अंशाने उतरतो. ३,३०० मीटरवर पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळते. तिथे तुरीची डाळ शिजत नाही, गॅस मात्र संपतो. मागच्या खोक्यातली डाळ तशीच परत येत आहे. चालते ते आधीच भाजलेले किंवा शिजवून वाळवलेले: मेतकूट, भाजलेले बेसन, दडपलेले पातळ पोहे, सातू, तयार उपमा. शिजवून वाळवलेल्या भातावर उकळते पाणी ओतून पातेले टोपीत गुंडाळून ठेवले की पंधरा-वीस मिनिटांत भात मऊ होतो. त्यावर मेतकूट आणि तूप. थंडीत तूप दगडासारखे होते, अरुंद तोंडाच्या बाटलीतून निघत नाही. रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची बाटली हवी. बेसनाचे लाडू मात्र गोठले तरी दातांनी फुटतात, आणि फॉरेस्टर खिंडीच्या चढावर, ४,००९ मीटरवर, हातमोजे न काढता खाता आले ते तेवढेच. डिंकाचे उरले असतील तर तेही पाठवावेत.

वाटेवर परतण्याचा रस्ता अनियन व्हॅलीतून केअरसार्ज खिंडीवर चढतो, सुमारे आठशे मीटर, तोही सॅक पूर्ण भरलेली असताना. म्हणून या गावात शिधा मोजून घ्यावा. भुकेल्या पोटी दुकानात शिरलेला माणूस हमखास दोन दिवसांचे जास्त घेतो.

मॅमथ लेक्स

इंडिपेंडन्सच्या फाट्यापासून मॅमथपर्यंत सुमारे १९० किलोमीटर. चढ आणि बर्फ धरता ते आठ दिवसांचे काम, आणि डब्यात आठ दिवसांचा शिधा बसत नाही. म्हणून मधे म्यूअर ट्रेल रँच किंवा व्हर्मिलियन व्हॅली इथे शिधा घ्यावा लागतो. रँचवर तो बादलीत भरून, आठवडे आधी पाठवावा लागतो, ठेवण्याचे पैसेही बरेच पडतात. तरीही चार दिवसांचा शिधा घेऊन चालणे आणि आठ दिवसांचा घेऊन चालणे यांत तीन किलोंहून अधिक फरक आहे. ते पैसे वाया गेलेले नाहीत.

भूक हा हिशेबातला सर्वांत चंचल आकडा. सुरुवातीच्या आठवड्यांत उन्हाने आणि दमणुकीने जेवण जात नाही. ७०० ग्रॅमही उरते. शरीरातली चरबी उतरली की एकदम उलटते आणि किलोभर खाऊनही रात्री झोपमोड होते. सगळी खोकी एकाच मापाने, महिनोन्‌महिने आधी भरून ठेवली तर पहिली उरतात आणि पुढची अपुरी पडतात. पुढची खोकी आता भरू नयेत. इथून जसे कळवले जाईल तशी भरावीत. मॅमथसारख्या गावात सुपरमार्केट आहे, तिथे खोकेच नको. लहान गावांसाठी ती राखावीत.

खोक्यावर पासपोर्टवरचे नावच घालावे. वाटेवरच्या एका टपालखिडकीवर घरच्या लाडक्या नावाने आलेले खोके समोर दिसत असताना मिळाले नाही. कर्मचाऱ्याने वर न पाहता नकार दिला, खिडकी लावली आणि जेवायला निघून गेला. दोन तास पायरीवर उपाशी बसावे लागले. नावाखाली ‘जनरल डिलिव्हरी’, गाव, राज्य, पिनकोड आणि पोहोचण्याची अंदाजे तारीख ठळक लिहावी. प्रायॉरिटी मेलचे खोके न उघडता पुढच्या गावाला विनाशुल्क वळवता येते, त्यामुळे शिधा उरला तर तो पाठीवर घ्यावा लागत नाही. आईंच्या गुडघ्याचे काय ठरले ते चिठ्ठीवर लिहून खोक्यातच घालावे, वाटेवर रेंज क्वचितच मिळते.

सोनोरा खिंडीनंतर डबा, काटे आणि कुऱ्हाड घरी परत येतील. मूळ वजन पुन्हा साडेसहावर. पुढच्या खोक्यात पाच दिवसांचा शिधा, रोजचा ९०० ग्रॅम: कूट जास्त, पोहे कमी, तूप रुंद बाटलीत, डाळ नको.