हायब्रीडचा उतारा

टायर विकत घेण्याची हौस असलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. माणूस गाडी हौसेने घेतो. तिला हार घालतो, नारळ फोडतो, चाकांखाली लिंबं ठेवतो आणि आळीभर पेढे वाटतो. त्या सोहळ्यात लिंबू चिरडण्याचं प्रत्यक्ष काम जो करतो, त्या टायरकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. आपल्याकडे नवं पातेलं आणलं तरी त्यावर नाव घालून घेतात. पण "आमच्याकडे नवे टायर आलेत, संध्याकाळी चहाला या," असं आमंत्रण मला आजवर आलेलं नाही. संसारखर्चात टायरची जागा दाढेसारखी आहे. ठणकेपर्यंत तिची आठवण होत नाही आणि ठणकली की भाव करता येत नाही.

त्यातून आमची गाडी हायब्रीड. मारुतीची सियाझ, डिझेलवर चालणारी, 2016 सालची. एका सहकाऱ्याची बदली झाली तेव्हा ती मी त्याच्याकडून घेतली. तिच्या पाठीवर 'एसएचव्हीएस' अशी चार अक्षरं आहेत. बँकेत आमच्या नावापुढे एवढी अक्षरं लावायची तर तीन परीक्षा द्याव्या लागतात. 2024 पासून आम्हा कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात हे खरं, पण खिडकीपलीकडचा माणूस अजूनही "ओ साहेब, पासबुक भरून द्या" असंच म्हणतो.

गाडी पहिल्यांदा गावी नेली तेव्हा चुलत्यांनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "हायब्रीड म्हंजे? ज्वारीगत?"

चुलत्यांच्या पिढीने हायब्रीड ज्वारीची भाकरी खाल्लेली. उतारा दांडगा, चव यथातथा, हा त्यांचा त्या शब्दाशी आलेला संबंध. मी समजावून सांगितलं, की काका, हिच्यात इंजिनाच्या जोडीला एक छोटी मोटर आहे. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद पडतं, क्लच दाबला की चालू होतं. वेग कमी करताना वाया जाणारी शक्ती मोटर बॅटरीत साठवते आणि पुढे इंजिनाला हातभार लावते.

"म्हंजे मोटर एकटी गाडी वढत न्हाई?"

"नाही. नुसता हातभार."

"मग हायब्रीड कसली? खताला चव आणल्यागत झालं."

सरकारचंही मत काहीसं चुलत्यांसारखंच पडलं. आधी या गाड्यांना दिलेली सवलत 1 एप्रिल 2017 पासून काढून घेतली, कारण ही जात 'सौम्य' हायब्रीड ठरली. मला मात्र हा शब्द आवडतो. मी स्वतः सौम्य कारकून, सौम्य नवरा आणि सौम्य लेखक आहे. गाडी तरी वेगळी कशाला हवी?

कागदावर ही गाडी लिटरला 28.09 किलोमीटर जाते. हा चाचणीतला आकडा. चाचणीत रस्त्यावर म्हशी नसतात, आमच्याकडे असतात. त्यामुळे मला वीस पडतं. प्रत्येक वेळी डिझेल भरलं की मी डायरीत लिटर आणि किलोमीटर लिहितो आणि भागाकार करतो. काही माणसं पहाटे उठून प्राणायाम करतात, त्यातलाच हा प्रकार. आमची ही त्याला 'उताऱ्याची वही' म्हणते. शब्द चुलत्यांचा, उपहास तिचा.

तर अशा या गाडीचे टायर यंदा मृगाच्या आधी संपले. संपले म्हणजे दिसायला गोल होते. पण टायरच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात आणि टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की खाच उरते 1.6 मिलिमीटर. त्याखाली गेलं की टायर कायद्याने बाद. आमचे दोनच्या आसपास होते. नोकरीत असतो तर 'सेवानिवृत्तीपूर्व रजेवर' म्हणालो असतो.

मग मी टायर वाचायला बसलो. टायर हे वाचण्याचं साहित्य आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आमच्या टायरवर 185/65 आर 15 88 एच असा मजकूर आहे. यातले 185 हे मिलिमीटर, टायरची रुंदी. 65 हे टक्के, म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या पासष्ट टक्के. आर म्हणजे रेडियल. आणि 15 हे इंच! एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच सुखाने नांदताना मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. गाडी हायब्रीड असो वा नसो, टायर मुळातच हायब्रीड आहे. पुढचे 88 म्हणजे एका टायरने उचलायचा भार 560 किलो. आणि एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत चालेल. आमच्या घराण्यात 210 हा आकडा आजवर फक्त चुलत्यांच्या साखरेने गाठला आहे.

सगळ्यात मला भावली ती टायरवरची तारीख. एका लांबोळक्या चौकटीत चार आकडे असतात. आमच्या टायरवर 2219 होते, म्हणजे 2019 सालचा बाविसावा आठवडा. दुकानात टायर नवा कोरा दिसला तरी तो किती वर्षं फळीवर बसून होता हे त्या आकड्यांवरून कळतं. आमच्याकडे चेक तीन महिन्यांत शिळा होतो. टायर इतका नाजूक नाही, पण रबरही वयाने कडक होतं. माणसासारखंच.

टायर घ्यायचे आहेत ही बातमी बँकेत फुटली आणि सल्ले जमा होऊ लागले. व्याजदर वाढवूनही एवढ्या ठेवी आल्या नसत्या. हेड कॅशियर म्हणाले, "चार कशाला? दोन घ्या, पुढे टाका, पुढचे मागे ढकला." शेती अधिकाऱ्यांनी शेअरबाजारातून विचार मांडला. त्यांनी सांगितलं, की एमआरएफ कंपनी 1946 साली मद्रासमध्ये खेळण्यातले फुगे बनवत होती आणि 13 जून 2023 ला तिच्या एका शेअरचा भाव लाखाच्या वर गेला. फुग्यापासून टायरपर्यंतची ही प्रगती मला अगदी तर्कशुद्ध वाटली, धंदा शेवटी हवेला आकार देण्याचाच. पुण्याच्या मेव्हण्याने फोनवर बजावलं, "साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरा." हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच, तो मी आजवर फुकट भरत आलो, हे मी त्याला सांगितलं. त्याने फोन बहिणीला द्यायला सांगितला.

शेवटी हायवेच्या कडेला टायरचं दुकान आहे तिथे गेलो. दुकानदार विशीतला, बोटं काळी, बोलणं स्वच्छ. मी हेड कॅशियरांचा दोन टायरांचा प्रस्ताव मांडला.

"दोन घ्या की. पण नवे मागं टाकायचे."

"मागे? गाडी तर पुढच्या चाकांनी ओढते."

"वढू द्या. पावसात पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जातीय, पाय काढला की हाताला लागतीय. मागची सुटली की गाडी गरकन फिरतीय. मग ब्रेक बी ऐकत न्हाई न् देव बी."

टायर बनवणाऱ्या कंपन्याही हेच सांगतात, पण इतक्या थोडक्यात नाही. चारही घ्यायचं ठरलं. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, हा आधार होताच.

मग त्याने दोन टायर काढून माझ्यासमोर उभे केले. किंमत जवळपास सारखी, चौघांचे चोवीस हजारांच्या घरात.

"ह्यो पळतोय," एकावर थाप मारून तो म्हणाला, "आणि ह्यो धरतोय. बोला."

टायरच्या सगळ्या शास्त्राचं सार त्या दोन वाक्यांत होतं. टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे दबतो आणि पुढे गेला की पूर्ववत होतो. दबताना घेतलेली सगळी शक्ती तो परत करत नाही, थोडी ठेवून घेतो आणि तिची उष्णता करून टाकतो. ठेव परत करताना टीडीएस कापावा तसं. ज्या टायरची कपात कमी तो हलका पळतो, डिझेल वाचवतो. नव्या गाडीला कंपन्या बहुधा असेच टायर देतात, हायब्रीडला तर हमखास, कारण तिची सगळी अब्रू ॲव्हरेजवर असते. पण ओल्या डांबराला धरून ठेवायचं तर रबराने क्षणभर रेंगाळावं लागतं, खडबडीत खाचाखोचांत शिरावं लागतं. तिथे ती कपातच कामाला येते. 1992 साली मिशेलिनने रबरात सिलिका घालून दोन्ही गोष्टी साधणारा 'हिरवा' टायर काढला. रंगाने तोही काळाच. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाली, तरी ॲव्हरेज, पकड आणि आयुष्य हे तीन भाऊ एका घरात पूर्ण सुखाने नांदत नाहीत ते नाहीतच. एकाला झुकतं माप दिलं की दुसरा रुसतो.

आपल्याकडे 2021 पासून फ्रीजप्रमाणे टायरलाही तारे देण्याची योजना आहे. ते तारे डिझेल-पेट्रोल वाचवण्याचे. युरोपात 2012 पासून टायरच्या लेबलावर इंधनाच्या अक्षराशेजारी पावसातल्या पकडीचंही अक्षर छापतात. ज्या प्रदेशात जून ते सप्टेंबर छत्रीशिवाय दूध आणता येत नाही, तिथल्या माणसाला या दुसऱ्या अक्षराचं मोल सांगायला नको.

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो आणि पावतीच्या मागे हिशेब मांडला. वाणिज्य शाखेत काढलेली वर्षं अशा वेळी उसळी मारतात. वर्षाला नऊ हजार किलोमीटर, लिटरला वीस, म्हणजे 450 लिटर डिझेल. पळणाऱ्या टायरने तीन टक्के वाचले असं धरलं तर साडेतेरा लिटर. नव्वदच्या भावाने 1,215 रुपये. पाच वर्षांचे 6,075. ही झाली जमेची बाजू. आता खर्चाची बाजू. धरणारा टायर ओल्या रस्त्यावर काही मीटर आधी थांबतो. मी लिहिलं: 'मीटर'. आणि पेन थांबलं. एका बाजूला रुपये, दुसऱ्या बाजूला मीटर. असा ताळेबंद कुठल्याच ऑडिटरने पास केला नसता.

तेवढ्यात हिचा फोन आला. "घेतलेत का टायर?"

मी तिला 6,075 समजावून सांगितले. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गणपतीला चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात गाडी ती चालवणार आहे. तुम्ही कबूल केलंय तिला."

ती म्हणजे आमची कन्या. वय अठरा वर्षं पाच महिने, लायसन्सचं वय दोन महिने. कबूल मी केलं होतं, बारावीच्या टक्क्यांच्या बदल्यात. टक्के तिने आणले होते.

मी पावतीवर रुपये आणि मीटर यांच्यामध्ये एक उभी रेघ होती ती खोडली. "धरणारे दे," म्हटलं. "आणि त्यांची तारीख दाखव."

त्याने दाखवली. चारही याच वर्षाचे. मग यंत्रावर चाक फिरवून त्याने बॅलन्सिंग केलं, म्हणजे कडेला छोटी छोटी वजनं चिकटवून चाकाचा ताळा जमवला. आमच्याकडे असं बाहेरून वजन टाकून ताळा जमवला तर निलंबन होतं. दाराच्या चौकटीवर चिकटवलेला कागद वाचून हवा तेवढीच भरली. साधी, 78 टक्केवाली.

गणपतीला निघालो. पाटण गेलं, कोयनानगर गेलं, आणि घाटाच्या तोंडाशी ढग रस्त्यावर उतरले. कन्या गाडी चालवत होती. मी शेजारी बसून, नसलेला ब्रेक उजव्या पायाने दाबत होतो. मागे ही मोदकांची उकड या विषयावर कुणाशी तरी फोनवर बोलत होती. चौथ्या-पाचव्या वळणावर पुढच्या एसटीचे मागचे दिवे अचानक लाल झाले. तिच्यापुढे म्हशी होत्या. कन्येने ब्रेक दाबला. गाडी किंचित कुरकुरली आणि थांबली. एसटीच्या मागची पाटी आरामात वाचता यावी एवढं अंतर राहिलं. इंजिन आपल्या सवयीने बंद पडलं. पावसाचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"बाबा, केवढे घाबरलात!" कन्या म्हणाली.

"मी? छे! सीटबेल्ट सारखा करत होतो."

मागे उकड चालूच होती. हिला काही कळलंच नाही.

म्हशी गेल्या, एसटी गेली, आम्ही गेलो. चिपळूणला सासूबाई ओवाळायला दारात आल्या. त्यांनी गाडीकडे पाहून विचारलं, "नवीन घेतलीत की काय?"

"टायर नवीन घेतलेत," मी म्हणालो.

"म्हणजे जुनीच," सासूबाई म्हणाल्या आणि नातीची दृष्ट काढायला वळल्या.

परतल्यावर डिझेल भरलं. उताऱ्याची वही काढली, भागाकार केला. एकोणीस पूर्णांक दोन.

"कमी पडलं ना?" हिने वहीत डोकावून विचारलं.

"पडू दे," म्हटलं, आणि आकड्यासमोर बरोबरची खूण केली.