झिलई

वडिलांच्या पश्चात त्यांच्या चीजवस्तूंची वाटणी झाली, तेव्हा माझ्या वाट्याला एक फाउंटन पेन आले. खरे म्हणजे ते कोणी मागितले नाही, म्हणून माझ्याकडे राहिले. १९५६ साली, शिक्षकाच्या पहिल्या पगारातून त्यांनी ते विकत घेतले होते आणि बाजारात बसणाऱ्या एका कारागिराकडून त्याच्या नळीवर आपले नाव कोरून घेतले होते. १९९८ साली ते गेले, त्या आठवड्यापर्यंत ते पेन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते.

मला आठवते तसे ते पेन कधीच काळे नव्हते. वाळलेल्या मेंदीच्या पाल्यासारखा त्याचा रंग होता. ना धड हिरवा, ना धड तपकिरी. टोपण काढले की आतला झाकलेला भाग मात्र काळाकुळकुळीत दिसे. दोन निराळ्या पेनांचे तुकडे जोडून हे केले असावे, अशी लहानपणी माझी समजूत होती. नळीच्या शेवटाला दातांच्या बारीक खुणा होत्या. उत्तरपत्रिका तपासताना एखाद्या मुलाला दोन गुण द्यावेत की तीन, या विचारात वडील पेनाचे टोक दातांत धरीत. आम्हां मुलांना पेन्सिल चावल्याबद्दल बोलणी बसत. वडिलांना कोण बोलणार?

ते पेन एबोनाइटचे. रबराच्या चिकात भरपूर गंधक मिसळून ते मिश्रण दीर्घकाळ तापवले की लाकडासारखा कठीण, काळा पदार्थ तयार होतो. १८५१ साली अमेरिकेत नेल्सन गुडइयर याने त्याचे पेटंट घेतले आणि पुढे पेनांच्या पहिल्या कित्येक पिढ्या याच पदार्थाच्या घडल्या. आपल्याकडेही राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी १९३२ पासून हाताने घडवलेली पेने याच एबोनाइटची. ते हाताला ऊबदार लागते, शाईने खराब होत नाही. पण ऊन, हवा आणि ओल यांच्यापुढे त्याचा काळा रंग टिकत नाही. पृष्ठभागावरचे गंधक हवेशी संयोग पावते आणि वर्षानुवर्षे हळूहळू तो तपकिरी थर धरतो. टोपणाखाली प्रकाश पोहोचत नाही, म्हणून तेथे काळेपण शाबूत राहते. माझ्या बालपणीच्या कोड्याचे उत्तर एवढे साधे होते.

हे सारे मी नंतर वाचले. आधी वाचले असते, तर पुढचे घडले नसते.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता. एके दिवशी मनात आले, हे पेन पूर्ववत काळे करावे आणि आईला दाखवावे. लग्नाच्या वेळी तिने ते तसेच पाहिले असणार. प्रथम ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले. ही पहिली चूक. जुन्या एबोनाइटला पाणी लागले की रंग अधिकच विटतो; सकाळी पेन पिवळट मातीच्या रंगाचे झाले होते. मग बारीक पॉलिश पेपर आणला. घासू लागताच गंधकाचा वास सुटला, फडक्यावर तपकिरी भुकटी जमू लागली आणि खालून काळा रंग डोकावू लागला. त्या रंगाचा मला मोह पडला. दुपारभर मी घासत होतो. शेवटी पितळेचे पॉलिश लावून चकाकी आणली. पेन आरशासारखे झाले.

संध्याकाळी ते आईच्या हातात दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले, अंगठा शेवटच्या टोकावर फिरवला आणि म्हणाली, "छान आहे रे. कोणाचं?"

तेव्हा कुठे मी नीट पाहिले. नाव पुसट होऊन जवळजवळ नाहीसे झाले होते. दातांच्या खुणा गुळगुळीत झाल्या होत्या. तपकिरी थराबरोबर मी बेचाळीस वर्षांचा वापर घासून टाकला होता.

माझ्या टेबलाच्या खणात आणखी दोन पेने आहेत. एक मला शाळेने निरोप देताना दिलेले, सोनेरी. विजेच्या साहाय्याने चढवलेला सोन्याचा मुलामा अनेकदा केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही पातळ असतो. चार वर्षांत टोपणाच्या कडेला आणि क्लिपच्या टोकाला, म्हणजे जेथे जेथे खिशाचे कापड घासते तेथे, पितळ दिसू लागले. तांब्यापितळेच्या भांड्यांची कल्हई गेली की कल्हईवाला दारावर येई. या मुलाम्याला तसा कोणी वाली उरलेला नाही.

दुसरे पेन मामांचे. ते जहाजावर नोकरीला होते आणि परदेशातून त्यांनी 'पार्कर ५१' आणले होते. हे पेन १९४१ साली बाजारात आले. त्याची नळी ल्युसाइटची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पारदर्शक छतांसाठी वापरत त्या ॲक्रिलिकची. मामांच्या पेनाचे टोपण साध्या स्टेनलेस स्टीलचे. मुलामाच नाही, तर जाणार काय? रंगही नळीच्या आरपार असल्याने ओरखडा पुसला तरी खाली तोच रंग. इतक्या वर्षांनी ते जवळजवळ तसेच आहे. त्याचे मला कौतुक वाटते. मात्र मामांची आठवण त्यावर कोठे शोधावी, ते उमगत नाही.

एबोनाइटचे हे विटणे जपानी कारागिरांनाही सलत होते. तोक्योच्या नामिकी कंपनीने १९२० च्या दशकात एबोनाइटच्या पेनांवर उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचे लेप चढवायला सुरुवात केली. हा लेप दमट हवेतच कठीण होतो आणि वर्षे जातात तसा किंचित पारदर्शक होऊन त्याचा रंग अधिक खुलतो. उन्हाचे मात्र त्यालाही वावडे आहे. वय लपवावे कसे, याऐवजी वयाबरोबर शोभावे कसे, हा विचार त्यामागे असावा असे मला वाटते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असे मेंदीच्या रंगाचे जुने पेन असेल, तर एवढेच सांगावेसे वाटते: ते पाण्यात बुडवू नका. बाहेरून कोरड्या सुती फडक्याने पुसा, उन्हापासून दूर ठेवा. आणि घासण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात एकदा द्या.

माझ्या पेनाचा काळा रंगही टिकणार नाही. एकदोन वर्षांतच क्लिपच्या आसपास फिकी छटा दिसू लागली आहे, आणि तिच्याकडे मी आता आस्थेने पाहतो. दातांच्या खुणा परतणार नाहीत. पण दिव्याच्या तिरप्या उजेडात पेन धरले, तर नावातल्या पहिल्या अक्षराचा काना अजून दिसतो. आईला मी तो दाखवला. तिच्या नजरेला दिसला नाही. म्हणून तिचे बोट धरून त्यावर ठेवले. बराच वेळ तिने ते तेथून काढले नाही.