सहाशेवीस वॅट आणि माझी अक्कल

स्लाउमध्ये घर घेतलं तेव्हा जिन्याखालच्या कपाटात आधीचे मालक एक हेन्री ठेवून गेले होते. इंग्लंडात हेन्री कोण हे सांगावं लागत नाही. लाल पिंप, काळी टोपी, हसरा चेहरा आणि नाकाच्या जागी सोंडेसारखा पाइप. १९८१पासून बाजारात असलेला, सॉमरसेटमधल्या चार्ड गावी तयार होणारा हा व्हॅक्यूम क्लीनर शाळांत, ऑफिसांत, बांधकामांवर, कुठल्याही कोपऱ्यात हसत उभा दिसतो. आमच्याकडच्याला एक लाल बटण होतं. ते दाबलं की बाराशे वॅट, एरवी सहाशे. मी ते कायम दाबलेलंच ठेवलं.

तो जळाला आणि २०१८ साली नवा आणला. हसू तेच, पण लाल बटण गायब आणि लेबलावर ६२० वॅट! युरोपीय संघाने २०१४ साली व्हॅक्यूम क्लीनरला १६०० वॅटची मर्यादा घातली होती, ती सप्टेंबर २०१७मध्ये ९००वर आणली. ब्रिटन तेव्हा संघातच होता. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर, माझं डोकंच फिरलं. ‘अर्धाच केला की!’ हे बायकोला रोज ऐकवायचो. ती म्हणायची, “अहो, पण गालिचा स्वच्छ होतोय ना?” ते मी कानाआड केलं. मंडळाच्या गणपतीत भेटेल त्याला सांगत सुटलो, जुना शोधा, नवा घेऊ नका. दोघांनी ऐकलं आणि वापरलेले जुने आणले.

दिवाळीनंतर आमचा नवा खरंच ओढेना. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दुकानात नेला आणि काउंटरवर वॅटांवर व्याख्यान झोडलं. तिथल्या पोराने मुकाट्याने वरची टोपी उचलली. आत पिशवी नव्हती. फिल्टर आहे तर पिशवीवर पैसे कशाला, म्हणून मीच ती घालणं सोडलं होतं. फिल्टरवर पांढरा, गुलाबी, जांभळा थर बसला होता. दारातली रांगोळी मी याच यंत्राने भरली होती. दगडाची ती बारीक पूड कापडात इतकी रुतली होती की हवा जायला वाटच उरली नव्हती. हे काय आहे, असं त्याने विचारलं. रांगोळीला इंग्रजीत काय म्हणावं ते मला त्या क्षणी सुचेना.

वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं; किती धूळ ओढतं ते नव्हे. ओढ ठरते पंख्यावर, ब्रशच्या घडणीवर, हवेची वाट किती मोकळी आहे त्यावर. पंपांच्या बाबतीत हेच मी कारखान्यात तीस वर्षं पोरांना शिकवत आलो.

फिल्टर बदलला, पिशवी घातली, हेन्री पूर्ववत ओढू लागला. रांगोळी आता केरसुणीने भरतो. जुने आणणाऱ्या दोघांपैकी एकाचा महिन्याभरातच बसला. त्याला नवा मी माझ्या पैशांनी घेऊन दिला. दुसऱ्याला अजून काही सांगितलेलं नाही.