रमवरचा लेट कमर

रम म्हटलं की आपल्या ग्रुपमध्ये पहिला प्रश्न येतो, 'सोबत चखणा काय?' पण ही रम बाटलीत मिळत नाही. हे आहे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं एक डोंगराळ, कायम भिजलेलं बेट. वस्ती चाळीसेक माणसांची, हरणं मात्र शेकड्यांनी!

मी गेले ऑगस्टच्या सुरुवातीला. किनलॉक गावातून उत्तरेच्या किलमरीपर्यंत 8 किलोमीटरची पायपीट. सोबतीला मिज नावाची चिलटं. दिसायला डासांची धाकटी भावंडं, चावण्यात थोरली! किलमरीच्या माळावर दुर्बीण लावली आणि मिज विसरले. रेड डियरच्या माद्या निवांत चरत होत्या. जूनमध्ये जन्मलेली पाडसं बऱ्यापैकी थोराड झालेली, अंगावरचे ठिपके पुसट. आणि त्यांच्यात एकच एवढंसं पिल्लू, ठिपके अगदी लख्ख, आईच्या पायात घोटाळणारं.

आपल्याकडे ताडोब्यात चितळाचं पाडस वर्षातल्या कुठल्याही महिन्यात दिसू शकतं. इथे तसं नाही. रमवर बहुतेक पाडसं मेअखेर ते जून या काळात येतात. त्यानंतरचं म्हणजे लेट कमर.

अठरा दिवसांचा फरक

हा उशीर ठरतो आदल्या ऑक्टोबरमध्ये. दिवस लहान व्हायला लागले की हरणं माजावर येतात. मादीचा माज टिकतो जेमतेम एक दिवस. तेव्हा गर्भ राहिला नाही, तर पुढची संधी साधारण 18 दिवसांनी. गर्भकाळ सुमारे 235 दिवसांचा, त्यात फारशी सूट नाही. म्हणजे शरदात हुकलेले दिवस उन्हाळ्यात तसेच्या तसे वसूल होतात.

शिवाय, उन्हाळाभर पिल्लाला दूध पाजून थकलेली मादी उशिरा माजावर येते, किंवा ते वर्ष चक्क रिकामं जातं. म्हणजे एका वर्षीचा उशीर पुढच्या वर्षीही पाठ सोडत नाही.

आणि थंडी कुणासाठी थांबत नाही. जूनच्या पाडसाला कोवळं गवत, भरपूर दूध आणि वजन वाढवायला अख्खा उन्हाळा मिळतो. उशिरा आलेल्याचं म्हणजे मार्चमध्ये जॉइन होऊन एप्रिलच्या अप्रेजलला बसण्यासारखं! इथे मारतो तो बर्फापेक्षा पाऊस, वारा आणि उपासमार. हिवाळा सरता सरता, गवत फुटायच्या थोडंसं आधी, सगळ्यात जास्त पाडसं दगावतात. त्यात उशिराच्यांचा नंबर आधी.

हे सगळं इतकं नेमकं कळलं कारण इथल्या हरणांची मोजणी 1953 पासून सुरू आहे आणि 1970च्या दशकापासून एकेका हरणाची नोंद ठेवली जाते. नवजात पाडसाला पकडायचं, वजन करायचं, कानाला टॅग लावून सोडून द्यायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची जन्मपत्रिकाच म्हणा ना!

या नोंदींनी एक मोठी बातमी दिली. 1980च्या दशकापासून रमवरची पाडसं दर दशकाला साधारण 3 दिवस लवकर जन्मताहेत. एक कारण वाढतं तापमान. पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणखी एक निघालं: लवकर विणाऱ्या माद्यांच्या पोटी आयुष्यभरात जास्त पिल्लं येतात आणि लवकर विण्याचा हा गुण पुढच्या पिढीत उतरतो. कॅलेंडर नुसत्या हवेने नाही, तर रक्तातूनही सरकतंय.

म्हणजे त्या लख्ख ठिपक्यांच्या पिल्लाची स्पर्धा दरवर्षी थोडी आणखी लवकर येणाऱ्यांशी आहे. मार्चपर्यंत ते टिकलं, तर ते आईच्या दुधाच्या जिवावर.

कसं जाल?
ग्लासगोहून मॅलेगपर्यंत ट्रेन (हॅरी पॉटरवाला पूल याच मार्गावर!), पुढे फेरी. ती रोज नसते, आधी टाइमटेबल बघा. राहायला बंकहाउस किंवा तंबू. नरांचं ओरडणं ऐकायचं तर ऑक्टोबर, पाडसं बघायची तर जुलै-ऑगस्ट. आणि गवतात एकटं पडलेलं पाडस दिसलं तर हात लावू नका. ते टाकलेलं नसतं. आई चरायला गेलेली असते, दूध पाजायला परत येते.