झोपेचे मार्क

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या बायकांच्या घोळक्यात हल्ली झोपेचे मार्क सांगायची पद्धत पडली आहे. "मला काल ८४!" "मला जेमतेम ६१, दोनदा उठावं लागलं ना रात्री." पूर्वी याच ट्रॅकवर मुलांच्या दहावीच्या मार्कांची चर्चा व्हायची. मुलं शिकून बाहेर पडली, आता आमच्या परीक्षा सुरू झाल्या आहेत. कुणाच्या मनगटावर पट्टा असतो, एकीच्या बोटात तर अंगठी आहे, आणि माझ्यासारख्यांचा साधा फोनच उशाशी.

माझ्या फोनवर ते ॲप मुलीने टाकून दिलं, दिवाळीला आली होती तेव्हा. मला झोप लागत नाही ही तक्रार ती दोन वर्षं फोनवर ऐकत होती. म्हणजे लागते, पण दीड-दोनच्या सुमाराला खाडकन जाग येते, आणि मग पहाटेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. वय आहे, त्या वयातले बदल आहेत, हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. मुलगी म्हणाली, "आई, आधी मोजून तर बघ." इंजिनीअर आहे, तिला सगळं मोजावंसं वाटतं.

तर मोजायला सुरुवात केली.

हे ॲप नेमकं मोजतं काय, हे मला आधी समजून घ्यायचं होतं. फोन गादीवर ठेवला की त्यातला हालचाल ओळखणारा सेन्सर तुम्ही किती कूस बदलता ते टिपतो, आणि माइक आवाज ऐकतो. हातातला पट्टा हालचालीबरोबर हिरवा प्रकाश टाकून नाडीचे ठोकेही पकडतो. यावरून गाढ झोप किती, स्वप्नांची किती, हा सगळा अंदाज बांधायचा. खरी झोप मोजायची तर डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात, डोळ्यांची आणि हनुवटीच्या स्नायूंची हालचाल टिपावी लागते. पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात तिला. गादीवरच्या फोनला माझ्या मेंदूत काय चाललंय ते कळायचा प्रश्नच नाही. निपचित पडून छताकडे बघणारी बाई त्याच्या लेखी बऱ्याचदा झोपलेलीच असते! आणि पहिल्या आठवड्यात त्याने माझ्या नावावर जे घोरणं नोंदवलं ते सगळं नवऱ्याचं होतं. त्याला ऐकवलं तर म्हणाला, "हे तुझ्या फोनमध्ये आहे, म्हणजे तुझंच." (गंमत बाजूला, घोरताना मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटत असेल तर ॲपवर भागवू नका, डॉक्टरांकडे जा. ते वेगळं दुखणं आहे.)

मार्कांचं वेड तर फारच वाईट. अमेरिकेत केली बॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली त्याला एक नावसुद्धा देऊन ठेवलंय, ऑर्थोसोम्निया. पट्ट्यातले आकडे चांगले यावेत म्हणून माणसं इतकी काळजी करायला लागली की त्या काळजीनेच झोप उडाली. आमच्या घोळक्यातली एक जण सकाळी उठून ताजीतवानी असते, मग फोन उघडते, ५८ बघते आणि दिवसभर थकलेली राहते. हे मी रोज डोळ्यांनी बघते.

पण सगळंच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. निद्रानाशावर गोळीच्या आधी वागणुकीचे उपचार करून बघावेत असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली सांगितलं. त्या उपचारांवर बेतलेल्या 'स्लीपिओ' या ॲपची शिफारस २०२२ साली ब्रिटनमध्ये 'नाइस' या सरकारी संस्थेने केली. त्यांचा गाभा अगदी साधा आहे. झोप कशीही लागो, उठायची वेळ एकच ठेवायची. अंथरुणात लोळत, घड्याळ बघत पडायचं नाही, जाग राहिली तर उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं. आणि रोज झोपेची डायरी लिहायची. माझ्या आजीला हे निम्मं ऐकूनच माहीत होतं म्हणा, पण आजी सांगायची ते आपण कुठे ऐकलं!

मी सहाची वेळ धरली. रविवारीसुद्धा सहा. पहिले पंधरा दिवस जीव नकोसा झाला, नंतर झोप लवकर लागायला लागली. दीड-दोनची जाग मात्र जाईना.

आणि मग एक गोष्ट दिसली, जी या ॲपशिवाय मला कधीच दिसली नसती. जानेवारीत मी महिन्याभराचा आलेख उघडला. जागेपणाचे लाल पट्टे असे इकडेतिकडे विखुरलेले असतील असं वाटलं होतं. ते गठ्ठ्याने होते. तीन-चार रात्री बऱ्या, मग तीन-चार रात्री लालेलाल, पुन्हा बऱ्या. ॲपमध्ये आपण कारणांवर खुणा करू शकतो: चहा उशिरा घेतला, ताण होता, व्यायाम केला, जड जेवण. मी प्रामाणिकपणे खुणा केल्या होत्या. चहाचा आणि त्या गठ्ठ्यांचा काही संबंध लागेना. नवरा म्हणाला, अमावास्या-पौर्णिमा बघ. तेही बघितलं!

शेवटी उत्तर सापडलं ते धाकट्या भावाशी फोनवर बोलताना. तो सहज म्हणाला, "ताई, आजपासून परत रात्रीची लाईट आहे." मी कॅलेंडर बघितलं. गठ्ठे जुळत होते.

ज्यांचं शेतीशी काही नातं नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे शेतीपंपांची वीज गावठाणापासून वेगळ्या फीडरवर असते, आणि ती चक्राकार पद्धतीने आठ-आठ तास मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री घरांची, कारखान्यांची मागणी उतरलेली असते, तेव्हा शेतीचा भार तिकडे ढकलायचा, असा हिशेब. कागदावर तो चुकीचा नाही. फक्त त्या हिशेबात रात्री दोन वाजता मोटर चालू करायला एक माणूस उठून जातो, तो कुठे दिसत नाही.

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. घर गावात आणि मळा दोन किलोमीटरवर. ऑक्टोबरची छाटणी झाल्यापासून फेब्रुवारी-मार्चच्या काढणीपर्यंत बागेला पाण्याची गडबड करून चालत नाही. त्यात निफाडची थंडी तुम्ही पेपरात वाचलीच असेल, पारा अगदी खाली जातो. अशा रात्री मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ठिबकने पाणी सोडायचं. अण्णा होते तोवर ते आणि भाऊ आळीपाळीने जायचे. अण्णा गेले, आता भाऊ एकटा जातो. हातात बॅटरी, मोबाईलवर मोठ्याने गाणी. गाणी हौसेची नाहीत, बिबट्यासाठी आहेत. मागच्या वर्षी शेजारच्या उसात तोडणीच्या वेळी पिल्लं सापडली होती.

म्हणजे मी इथे कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर दीड वाजता जागी होत होते, तेव्हा तिकडे तो मळ्याच्या वाटेवर असायचा. मला हे कुणी रात्री कळवत नव्हतं. पण संध्याकाळच्या फोनमध्ये आई "आज त्याला जायचंय" एवढं म्हणायची, आणि तेवढं पुरत होतं. ॲपच्या खुणांमध्ये 'भाऊ मळ्यात' अशी खूण नाही.

संक्रांतीला गावी गेले तेव्हा मी त्याला हे सगळं दाखवलं. त्याच्या फोनवर तेच ॲप टाकून बघितलं. पहिलाच प्रश्न आला, तुम्हाला किती वाजता झोपायला आवडेल? तो वाचून मोठ्याने हसला. "मला काय विचारतंय, वीज कंपनीला विचार म्हणावं!" पुढे विचारलं, रोज किती वाजता उठायचंय? यावर तो काही बोलला नाही, फोन परत दिला.

मग म्हणाला, "माझं झोपेचं ॲप दाखवू?" आणि मोटरच्या स्टार्टरचा नंबर लावला. मोबाईल स्टार्टर म्हणतात त्याला. स्टार्टरच्या पेटीला एक यंत्र जोडतात, त्यात सिमकार्ड. लाईट आली की ते तुम्हाला फोन करतं, तुम्ही घरातून बटण दाबायचं, मोटर चालू. पलीकडून बाई मराठीत सांगतेसुद्धा, मोटर चालू झाली म्हणून. मला फार कौतुक वाटलं. घरी येऊन शोधलं तर ही कल्पना मुळात आपल्याच भागातली निघाली. पुण्याचे इंजिनीअर संतोष ओस्तवाल यांनी आजोबांची पाण्यासाठी होणारी पायपीट बघितली होती, त्यातून त्यांनी 'नॅनो गणेश' नावाचं मोबाईलवर चालणारं यंत्र तयार केलं. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. झोपेच्या ॲपच्या कुठल्याही यादीत हे नाव तुम्हाला दिसणार नाही. पण या यंत्रांनी महाराष्ट्रात किती जणांच्या झोपा वाचवल्या असतील याचा विचार करा, तेही गाढ झोप आणि उथळ झोप असले रंगीत आलेख न काढता.

अर्थात भाऊ तरीही जातोच. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या रात्री जावंच लागतं, कारण व्हॉल्व्ह काही फोनवरून फिरत नाहीत (तसलीही यंत्रं आहेत, पण ती महाग), पाइप निसटतो, कधी डीपीवरचा फ्यूज जातो. काही जण लाईट आली की आपोआप मोटर सुरू होईल असा ऑटो स्विच लावून निवांत झोपतात, पण सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपीवर भार येतो आणि ती जळते. मग आठ-आठ दिवस दिवसाही नाही आणि रात्रीही नाही. उपाय एकच, दिवसा वीज. शेतीचे फीडर सौरऊर्जेवर आणायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राज्य सरकारने २०१७ मध्ये आणली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. आमच्या फीडरचा नंबर अजून लागलेला नाही. झोपेवरच्या लेखात हे कुठून आलं असं तुम्ही म्हणाल. पण मला तरी निफाडच्या झोपेवर याहून मोठा इलाज दिसत नाही.

माझ्या झोपेचं म्हणाल तर भावाशी मी एक ठरवून घेतलं आहे. मळ्यात जावं लागलं तर परत आल्यावर त्याने फक्त एक अंगठा पाठवायचा, बाकी काही नाही. फोन आता उशाशी नसतो, बाहेर हॉलमध्ये आवाज बंद करून ठेवलेला असतो. म्हणजे ॲप बंदच झालं, त्याला उशाशी फोन लागतो ना! डायरी मी वहीत लिहिते. जाग आली तर उठून हॉलमध्ये जाते, अंगठा आला असेल तर पाणी पिऊन परत येते. बहुतेक वेळा झोप लागते. अंगठा नसेल तर खुर्चीत बसून राहते, मग वागणुकीचे उपचार काहीही म्हणोत.

मुलीला हे फारसं पटलेलं नाही. तिचं म्हणणं, आई, तू डेटा घालवते आहेस. ट्रॅकवर मला आता मार्क विचारत नाहीत, मी नापास धरली गेले आहे. ॲप काढून टाकायच्या आधी तो जानेवारीचा आलेख मात्र मी भावाला पाठवून ठेवला. लाल गठ्ठे मोजून त्याने लिहिलं, "ताई, यात एक रात्र चुकली आहे. २३ तारखेला लाईट नव्हतीच, मी घरी झोपलो होतो."

मी त्याला लिहिलं, की ते तू मला दुसऱ्या दिवशी सांगितलंस.