बेरीज बरोबर होती

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमात एक काम न मागता मिळते, ते हिशेबाचे. तीन वर्षांपूर्वी चातुर्मासात आमच्या गावी मुलामुलींची स्तवनगायन स्पर्धा झाली, तेव्हा परीक्षकांच्या गुणपत्रिका गोळा करून बेरीज करण्याचे काम असेच माझ्याकडे आले. १४ स्पर्धक, ३ परीक्षक, प्रत्येकाकडे १०० गुण. रोजच्या रोज रोकड जुळवल्याशिवाय कधी घरी न गेलेल्या माणसाला हे काम म्हणजे चहा गार होण्याच्या आत संपणारे.

निकाल जाहीर झाला. जिला सभागृहाने मनोमन पहिली ठरवले होते, त्या मुलीचे नाव चौथ्या क्रमांकावर, उत्तेजनार्थ बक्षिसासाठी पुकारले गेले. ती जागेवरून उठायच्या आत तिचे वडील उठले. त्यांची मार्केट यार्डात आडत आहे. लिलावाच्या गलक्यातही वेगळा ऐकू यावा असा त्यांचा आवाज. "साहेब, बेरीज परत करा!"

मी केली. सर्वांसमक्ष, मोठ्याने, आधी उभी आणि मग आडवी. २३७ होते, २३७च आले. शेठ म्हणाले, "मग बेरीज बरोबर असेल, गुण बरोबर नाहीत." मंडळात कोणाचे कोणाशी कसे घरोब्याचे संबंध आहेत, हेही त्यांनी चार शब्दांत सुनावले, मुलीचा हात धरला आणि बक्षीस न घेता ते निघून गेले. पहिली आलेली मुलगी जेमतेम बारा वर्षांची. ती करंडक छातीशी धरून व्यासपीठावर उभी होती आणि रडत होती. रात्री तिच्या आईचा मला फोन आला, "भाऊ, करंडक परत करतो आम्ही, पण वाद नको." मी त्यांना तसे करू दिले नाही. हरलेल्याच्या त्राग्याचा पहिला चटका जिंकलेल्याला बसतो, आणि त्याबद्दल त्याची क्षमा कोणी मागत नाही.

पुढचे आठ-दहा दिवस गावात हाच विषय होता. मीही त्यात मागे नव्हतो, हे कबूल केले पाहिजे. "मालाला भाव पडला तर शेठ कधी ओरडतात का? उद्या पुन्हा ढीग मांडतात. मुलीच्या बाबतीतच ही उलटी रीत कशी?" हे वाक्य मी किमान तीन दुकानांत बोललो. लोक हसले. वाक्य शेठपर्यंत पोहोचले असणारच. आमच्या बाजारपेठेत बातमीला पाय लागत नाहीत, पंख असतात. माझी बेरीज बरोबर होती आणि त्या बरोबरपणाचा मला थोडा कैफ चढला होता.

तो उतरला एका रात्री. गुणपत्रिका मंडळाच्या फाइलला लावायच्या होत्या, म्हणून मी त्या पुन्हा बाहेर काढल्या आणि जुन्या सवयीने रकाने न्याहाळू लागलो. बेरीज पाहताना आपण शेवटचा आकडा पाहतो. तपासणी करताना मात्र रकान्याचा स्वभाव पाहावा लागतो. दुसऱ्या परीक्षकांनी १४ मुलांना ७६ ते ८४ या दरम्यान गुण दिले होते. तिसऱ्या बाईंनी ७५ ते ८३. दोघांचाही हात मायेचा. कोणाला दुखवायचे नाही, कोणाला फार चढवायचे नाही. पहिले परीक्षक संगीत विशारद असलेले, शाळेतले गुरुजी. त्यांचे गुण ४८ पासून ९० पर्यंत पसरलेले. म्हणजे दोघांच्या तराजूत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या मुलात ८ गुणांचे अंतर, तर गुरुजींच्या तराजूत ४२ गुणांचे. अशा तीन रकान्यांची सरळ बेरीज केली, तर निकाल जवळजवळ एकटे गुरुजीच लावतात. इतर दोघे फक्त सही करतात.

त्या मुलीला दुसऱ्या परीक्षकांनी ८४ आणि तिसऱ्या बाईंनी ८३ दिले होते. दोघांच्याही रकान्यात ती पहिली. गुरुजींनी तिला ७० दिले होते. त्यांच्याकडे ती सहावी. मी गुण बाजूला ठेवून प्रत्येक परीक्षकाने लावलेले क्रमांक मांडले आणि त्यांची बेरीज केली. करंडक मिळालेल्या मुलीचे क्रमांक एक, तीन, तीन, बेरीज ७. म्हणजे पहिली तीच. परंतु शेठच्या मुलीचे सहा, एक, एक, बेरीज ८. ती चौथी नव्हे, दुसरी येत होती. आमच्या निकालात दुसरा आलेला मुलगा या हिशेबाने चौथा जात होता.

बेरीज बरोबर, मांडणी सदोष. बँकेत अशी तफावत सापडली असती, तर मी शाखाधिकाऱ्यांना झोपेतून उठवले असते. इथे मात्र मी दिवा मालवून झोपायला गेलो आणि झोपलो नाही.

मंडळाच्या अध्यक्षांना दुसऱ्या दिवशी सांगितले. ते म्हणाले, "नियम आधी जाहीर केला होता, एकूण गुणांचा. आता बदलता येणार नाही." ते योग्यच होते. सौदा ठरल्यावर वजनमाप बदलायचे नसते, हे आपल्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पुढच्या वर्षीपासून क्रमांकांची पद्धत घ्यायची, एवढे ठरले. पण त्या मुलीचे काय? तिने गाणे बंद केल्याचे कानावर आले होते. नातेवाईक तिला लताबाईंची गोष्ट सांगून समजावत होते: 'शहीद'च्या वेळी निर्माते शशधर मुखर्जी यांनी आवाज फार पातळ म्हणून त्यांना नाकारले, आणि मग गुलाम हैदर यांनी 'मजबूर'मध्ये गायला लावले, ती १९४८ ची हकीकत. गोष्ट खरी आहे. मात्र नाकारलेल्या मुलाला ती सांगू नये, असे माझे मत झाले आहे. नाकारल्या गेलेल्या हजारांतून एकच लता होते, हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळते.

मला आठवण होत होती ती वेगळ्याच एका माणसाची. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका सायकल दुरुस्तीवाल्याचा कर्जाचा अर्ज 'नियमात बसत नाही' एवढे सांगून परत केला होता. तो तीन दिवस रोज येऊन शाखेतल्या बाकावर बसत असे. भांडत नसे, फक्त बसत असे. माझ्या मते तो चिवट होता, किंचित निर्लज्ज होता. पुढे २००३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सावकारी व्यवहाराची संहिता घालून दिली आणि दोन लाखांपर्यंतच्या कर्जाचा अर्ज नाकारल्यास त्याचे मुख्य कारण लेखी कळवावे, असे बंधन बँकांवर आले. काही वर्षांनी ते सर्वच कर्जांना लागू झाले. ते परिपत्रक वाचताना मला त्या बाकावरचा माणूस दिसला होता. तो पैसे मागायला बसलेला नव्हता, कारण विचारायला बसलेला होता. आणि आमच्या स्पर्धेत तेरा मुले हरली होती. त्यांतल्या एकालाही आम्ही कारण दिले नव्हते. एक नाव पुकारले, टाळ्या वाजवल्या आणि अल्पोपाहाराची घोषणा केली.

संवत्सरीला शेठ स्थानकात भेटले. हात जोडून म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्." मीही म्हणालो. दोघांचेही डोळे एकमेकांच्या खांद्यावरून मागे पाहत होते. नेमक्या कशाबद्दल, हे दोघांनीही उच्चारले नाही. घरी येऊन मला ते फार लागले. मग गुरुजींना फोन केला, त्यांचा रकाना त्या घरी दाखवू का, असे विचारले. "दाखवा. आणि मला सोबत न्या," ते म्हणाले.

आम्ही गेलो. आधी मी बाजारातल्या त्या वाक्याबद्दल क्षमा मागितली, वाक्य जसेच्या तसे उच्चारून. मग कागद पसरून सगळा हिशेब सांगितला: तीन रकाने, आठ आणि बेचाळीस, चौथी आणि दुसरी. शेठना समजायला दोन मिनिटेही लागली नाहीत. आडत्याला वजनातली खोट शिकवावी लागत नाही. बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी ओरडलो ते खोटं नव्हतं."

"खोटं नव्हतं, शेठ. पण ज्याच्यावर ओरडलात ते खरं नव्हतं. ओळखीपाळखी कुणी केली नाही. आणि पहिली तीच आहे, जी पहिली आली."

"मग दुसरं बक्षीस?"

"ते मिळणार नाही. नियम आधीचा आहे."

त्यांचा चेहरा पुन्हा ताठ झाला. ते काही बोलणार, तोच आतापर्यंत दाराशी उभी असलेली मुलगी पुढे आली. तिने क्रमांकांकडे पाहिलेच नाही. गुरुजींच्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, "सर, स्वराला तीसपैकी बाराच का?"

गुरुजींनी पेटी मागवली. म्हणाले, "तू काळी पाचमध्ये गायलीस. कुणी सांगितली ही पट्टी?" तिने वडिलांकडे पाहिले. मोठ्या पट्टीत आवाज सभागृहात शेवटपर्यंत पोहोचतो, असे शेठनीच कुठेतरी ऐकून तिला सांगितले होते. "तुझा आवाज अजून काळी चारचा आहे. अंतऱ्यात वरच्या षड्जाच्या पुढे गेलीस की स्वर ओढून लावतेस आणि तो चढा लागतो. खालचं सगळं चांगलं होतं, म्हणून उच्चार आणि भाव यांत मी काही कापलेलं नाही, बघ." त्यांनी काळी चारवर सूर धरला. ती आधी नको म्हणाली. मग दाराच्या चौकटीला टेकून, आमच्याकडे पाठ करून, तेच स्तवन गायली. अंतरा आला तसे शेठ हातातला पेला खाली ठेवायचे विसरले.

आता ती गुरुवारी गुरुजींकडे शिकायला जाते. स्पर्धेत अजून उतरलेली नाही. करंडक मिळालेल्या मुलीच्या घरी शेठ अद्याप गेलेले नाहीत. मी दोनदा सुचवून पाहिले, "बघू" म्हणाले. पुढच्या वर्षापासून प्रत्येक स्पर्धकाला परीक्षकांचा दोन ओळींचा लेखी अभिप्राय मिळू लागला. पहिल्याच वर्षी एक आई तो कागद घेऊन तावातावाने माझ्याकडे आली. मी चहा ठेवायला सांगितला आणि गुरुजींना फोन लावला.